मंगळवार पेठेतला राजा

शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरात पाऊस कोसळत होता. पुण्याचा भाचा आला तो पत्त्यांचा एक डबा घेऊनच. 'सिटाडेल्स'. ब्रुनो फायदुत्ती नावाच्या फ्रेंच माणसानं काढलेला, २००० सालचा खेळ.

"सोपं आहे मामा," तो म्हणाला. पात्रं आठ: मारेकरी, चोर, जादूगार, राजा, धर्मगुरू, व्यापारी, वास्तुविशारद, सरदार. प्रत्येक फेरीत गुपचूप एक उचलायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. मग नाणी जमवत आपलं शहर बांधायचं. कुणाच्याही आठ इमारती झाल्या की खेळ आटोपला.

चेहरा कोरा! अहो, आमच्या पेठेत कुणाच्या चुलीवर तांबडा रस्सा चढलाय हे गल्लीच्या टोकाला कळतं. व्यापारी आला की माझा हात मिशीवर जातो, हे हिनं दुसऱ्याच फेरीत हेरलं आणि चोर होऊन माझी सहाही नाणी पदरात पाडली. शेजारच्या काकूंना सरदार मिळाला की त्या पाट पुढं सरकवतात. सरदाराला इमारत पाडायला तिच्या किमतीपेक्षा एक नाणं कमी पडतं, म्हणजे एका नाण्याचं देऊळ फुकटात भुईसपाट. काकू पाडतात आणि वर कानाला हात लावून "देवा, माफ कर" म्हणतात.

आबांची तऱ्हा निराळी. मारेकरी हातात असूनही ते राजाचं नाव घेईनात.

"कोल्हापुरात बसून राजावर खंजीर? शाहू महाराजांनी खासबागचं मैदान दिलं, राधानगरीचं धरण दिलं. जमायचं नाही."

झालं, राजा म्हणजे बिनघोर नोकरी! माझ्या सात इमारती उभ्या, हातात पाच नाणी आणि पाच नाण्यांचाच राजवाडा. मी डोळे मिटून राजा उचलला. पण या खेपेला मारेकरी हिच्याकडे होता.

"राजा मेला," ही म्हणाली.

"अगं, राजा!" आबा ओरडले.

"माझं माहेर सांगलीचं. आमचे राजे पटवर्धन."

मेलेल्यानं गप्प बसायचं असा नियम आहे. मी गप्पच होतो, पण मिशीवरचा हात खाली आला आणि सगळ्यांना कळायचं ते कळलं. भाच्यानं पुस्तक चाळून सांगितलं, की राजा मेला तरी फेरी संपल्यावर मुकुट त्यालाच. त्यानं तो माझ्यापुढं ठेवला, पिंडाला ठेवावा तसा.

आबा सुनेकडं न बघता म्हणाले, "उद्याचा पांढरा रस्सा माहेरी जाऊन पी."

"करणार कोण आहे?" ही म्हणाली, आणि आबांनी निमूटपणे पत्ते पिसायला घेतले.