गुण उणे आले म्हणजे लेख अवघड झाला का?

नमस्कार,

पाणीपट्टीच्या नोटिशीवरचा माझा लेख तुम्ही एका ऑनलाइन साधनात टाकलात, वाचनसुलभतेचे गुण उणे आले आणि तुम्ही विचारलंत, ‘सोपं लिहा म्हणून सांगणाऱ्याचंच लेखन असं कसं?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तो आकडा मात्र मला मान्य नाही.

हे गुण काढायचं सूत्र वाचनसुलभतेचे अभ्यासक रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली इंग्रजीसाठी मांडलं. २०६.८३५ मधून दोन गोष्टी वजा करायच्या. वाक्यात सरासरी शब्द किती, गुणिले १.०१५, आणि शब्दात उच्चाराचे तुकडे सरासरी किती, गुणिले ८४.६. उरतील ते गुण. ६० ते ७० म्हणजे साधं इंग्रजी, ३० च्या खाली फार अवघड. शब्द ओळखीचा आहे की नाही, हे यात कुठेच मोजलेलं नाही.

आता हे वाक्य घ्या : ‘आमच्या गल्लीत उद्या पाणी येणार आहे.’ सहा शब्द, प्रत्येकाचे उच्चारात दोन तुकडे (आम-च्या, गल्-लीत). १६९.२ गेले, ६.०९ गेले, उरले साडेएकतीस. ही पायरी कॉलेजच्या पुस्तकांची! सोलापुरात ही बातमी दुसरीतलं पोरही गल्लीभर सांगत सुटतं. आणि नोटिशीतलं हे बघा : ‘कर थकीत, सबब जप्ती.’ याला मिळतात ५४.७. म्हणजे सूत्राच्या लेखी हे जास्त सोपं.

कारण उघड आहे. इंग्रजी जे सुटं लिहिते ते आपण शब्दाला जोडतो. ‘सोलापूरकरांसाठी’ या एका शब्दात सात तुकडे होतात, पण तो वाचताना कोण अडखळतं? लेखात शब्दामागे सरासरी अडीच तुकडे पडले की २११.५ वजा होतात. वाक्यं कितीही छोटी असली तरी गुण उणेच येणार. शिवाय ही साधनं इंग्रजीसाठी बनवलेली. देवनागरीतले तुकडे ती नीट मोजतात का, हा प्रश्न वेगळाच. त्याच साधनाने काढलेली आणि तुम्ही पाठवलेली ‘इयत्ता’ही (म्हणजे लेख कितवीच्या मुलाला वाचता येईल तो आकडा) १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी केलेल्या सुधारित सूत्राची आहे, आणि ती इयत्ता अमेरिकी शाळेची.

लांब वाक्यं वाचकाला दमवतात, एवढं मात्र मराठीतही खरं. तिथे तुमची टीका मी जरूर ऐकेन.

पण आपल्या गावाचा वाचक डोळ्यांपुढे आणा. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारा, घरी तेलुगू बोलणारा माणूस. अक्कलकोटकडची, घरी कन्नड बोलणारी बाई. त्यांना ‘नळाला’ अडत नाही, ‘सबब’ अडतं. ‘पगार’ कळतो, ‘वेतननिश्चिती’ कळत नाही. नोटीस न समजल्यामुळे दंड भरावा लागतो तो यांनाच. म्हणून मला ही गोष्ट एवढी लागते.

यांच्यासाठी अमेरिकी अभ्यासक विल्सन टेलर यांची १९५३ ची पद्धत मला जास्त पटते. मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचकाला रिकाम्या जागा भरायला सांगायचं. जितक्या जास्त जागा बरोबर भरल्या जातील, तितका मजकूर त्या वाचकाला सोपा. भाषा कोणतीही असो, इथे माणूसच तपासतो.

माझ्याच लेखातला एक परिच्छेद असे शब्द गाळून वेगळा पाठवतो आहे. तुम्ही भरा, आणि घरात नोटिशी ज्यांच्या हातात पडतात त्यांच्याकडूनही भरून घ्या. जी जागा दोघांनाही भरता आली नाही ती कळवा. ते वाक्य मी बदलतो.