चॅप्लिनने खंदकातल्या सैनिकाची टिंगल केलेली नाही

सैन्यातून निवृत्त झालेल्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात मला एक फिरता संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘हे खरे असेल तर या माणसाचे कौतुक आपण कशासाठी करायचे?’ संदेशाचे म्हणणे असे की, चार्ली चॅप्लिन पहिल्या महायुद्धात स्वतः खंदकात लढला. परतल्यावर ‘शोल्डर आर्म्स’ या मूकपटात त्याने आपल्याच सोबत्यांची टिंगल केली. म्हणून युद्ध संपेपर्यंत चित्रपटावर बंदी होती. आणि पुढे त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्यात आल्या. यातले एकही विधान टिकत नाही, आणि मामांसारख्या माणसाचे मन ज्याने दुखावले ते दुसरे विधान तर सर्वांत खोटे आहे.

चॅप्लिन लढला नाही. युद्ध पेटले तेव्हा तो कॅलिफोर्नियात चित्रपट करत होता. सैन्यात न गेल्याबद्दल ब्रिटनमध्ये, म्हणजे त्याच्या मायदेशात, त्याच्यावर कडक टीका झाली होती, हे संदेश लिहिणाऱ्याने जरा शोधले असते तरी कळले असते. एप्रिल 1918 मध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या चित्रपट कलाकारांसह तो अमेरिकेच्या युद्धकर्जासाठी सभा घेत होता. त्याचे खंदक हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारलेले होते.

आता टिंगलीविषयी. या चित्रपटात हसू कशाचे येते, ते एकेक प्रसंग घेऊन पाहावे. सैनिकांची झोपायची जागा पाण्याने भरलेली आहे, आणि चार्ली बुडालेली उशी नीट थोपटून, ग्रामोफोनचा कर्णा तोंडाला लावून पाण्याखालून श्वास घेत झोपतो. टपाल येते, सर्वांना पत्रे मिळतात, त्याला मिळत नाही. तेव्हा तो पहाऱ्यावरच्या दुसऱ्या सैनिकाच्या खांद्यावरून त्याचे पत्र वाचू लागतो, आणि त्या परक्या घरच्या बातमीने जसा पत्राच्या मालकाचा चेहरा बदलतो तसाच याचाही बदलत जातो. घरच्या पत्राची वाट पाहिलेल्या कोणत्याही जवानाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. चिखल, पाणी, एकटेपणा आणि शिळे अन्न यांना चॅप्लिन हसतो. ते सोसणाऱ्या माणसाला तो कोठेही क्षुद्र ठरवत नाही. पकडलेल्या जर्मन शिपायांनाही चार्ली सिगारेट देतो, आणि अपमान होतो तो त्यांच्या उर्मट अधिकाऱ्याचा. शिवाय जर्मनीचा सम्राट कैसर याला पकडण्यापर्यंतचा हा सारा पराक्रम शेवटी प्रशिक्षण छावणीतल्या एका नवख्या रंगरुटाचे स्वप्न ठरतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. युद्ध चालू असताना त्यावर विनोदी चित्रपट काढणे अनेकांना रुचले नव्हते. 1964 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात चॅप्लिनने स्वतः लिहिले आहे की, या काळात युद्धाची थट्टा करणे धोक्याचे आहे, असे दिग्दर्शक सेसिल डेमिलने त्याला बजावले होते. संदेशातला टिंगलीचा आरोप बहुधा अशाच कुठल्या नोंदीतून फुगवलेला असावा. परंतु तो इशारा होता, बंदी नव्हती, आणि चित्रपट कोणी पाहण्यापूर्वीचा होता. त्याच आत्मचरित्रात चॅप्लिन सांगतो की, चित्रपट कमालीचा चालला आणि सैनिकांचा विशेष लाडका ठरला. स्वतःच्या कृतीबद्दलची ही साक्ष आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी; तरीही खंदकातल्या माणसांचा अपमान करणारा चित्रपट त्याच वर्षी एवढा चालला असता, हे मला पटत नाही.

बंदीचा दावा तर तारखांपुढेच कोसळतो. चित्रपट 20 ऑक्टोबर 1918 रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि युद्धबंदी झाली 11 नोव्हेंबरला, म्हणजे तब्बल तीन आठवड्यांनी.

प्रती नष्ट झाल्याच्या गोष्टीवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. 1959 मध्ये चॅप्लिनने स्वतः नवे संगीत देऊन हा चित्रपट आपल्या आणखी दोन जुन्या चित्रपटांसोबत पुन्हा पडद्यावर आणला. तो आजही पाहता येतो आणि पाऊण तासाच्या आत संपतो. संदेश पुढे ढकलण्यापूर्वी तेवढा वेळ काढणे कोणालाही अशक्य नव्हते.