नुसता दंड वाढवून बोगस दंतवैद्य हटणार नाहीत

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील बोगस दंतवैद्यांचा विषय निघाला की ‘दंड वाढवा’ हे उत्तर ठरलेले असते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातील रकमा पाहता ते चुकीचेही म्हणवत नाही. विनानोंदणी व्यवसायाबद्दल पहिल्यांदा दोषी ठरल्यास जास्तीत जास्त ५०० रुपये दंड. पुन्हा दोषी ठरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढ्यात आज एका दाताची बरी कॅपही बसत नाही.

माझ्या मते मात्र खरी अडचण दंडाच्या आधीची आहे. या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालय राज्य शासनाच्या किंवा दंतवैद्यांची नोंदणी ठेवणाऱ्या राज्य दंत परिषदेच्या आदेशाने झालेल्या तक्रारीवरूनच घेऊ शकते. म्हणजे दिघ्यातल्या गाळ्याची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला असली, तरी त्या कायद्याने खटला उभा राहायचा तर कागद मुंबईला जाऊन यावा लागतो, आणि तोवर शटर कळव्यात, म्हणजे दुसऱ्या महापालिकेच्या हद्दीत, उघडलेले असते. त्यातच दातांच्या दवाखान्यात खाटा नसल्याने तो नर्सिंग होम नोंदणीच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे नोंदणीच्या यादीवरून खरा-खोटा दवाखाना ओळखण्याचा मार्गच महापालिकेपुढे उरत नाही.

पुराव्याचे तर विचारूच नका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी अशाच एका ठिकाणी पुढचा दात ‘फिक्स’ करून घेतला होता. तिथल्या माणसाने पावडर आणि लिक्विड कालवून केलेला गुलाबी गोळा थेट हिरडीवर दाबला आणि शेजारच्या दोन दातांना तारेने आवळला. काही महिन्यांत ते दोन्ही दात हलू लागले, हिरडीतून पू येऊ लागला आणि शेवटी तेही काढावे लागले. तक्रार द्या म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, “पावती कुठंय ताई? आणि तो आमच्याच चाळीत राहतो.” त्यांच्या दृष्टीने तो गुन्हेगार नव्हताच, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर उघडा असणारा आणि हप्त्याने पैसे घेणारा तो एकमेव ‘डॉक्टर’ होता. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो, म्हणजे मावशींचा दिवसाचा खाडा.

म्हणून तक्रार दाखल करण्याचा अधिकार महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला मिळावा आणि पालिकेचा दंतविभाग आठवड्यातून काही संध्याकाळी तरी उघडा असावा, असे मला वाटते.

यासाठी शासनाला हालचाल करावी लागेल. पण भिंतीवर नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र आणि खुर्चीशी भलताच माणूस, अशा दवाखान्यांबाबत परिषदेला थांबण्याचे कारण नाही. नाव भाड्याने देणारे हे डॉक्टर तिच्याच नोंदवहीत पत्त्यासह आहेत.