पेटीवर कपडे ठेवू नका

आज परत तेच. ऑफिसातून आले, हातपाय धुतले, कुकर लावला आणि साडेसातला माझ्या पेटीपाशी, म्हणजे हार्मोनियमपाशी, वाजवायला गेले, तर तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा हा एवढा गठ्ठा. शेजारी कुणाचा तरी चार्जर आणि अर्धा प्यायलेला पाण्याचा पेला. पेला उचलला तर लाकडावर गोल ओला डाग. विचारलं, हे इथे कुणी ठेवलं? उत्तर आलं, "अगं रिकामीच होती ना ती."

रिकामी! सहा वर्षं हाच शब्द ऐकतेय. माझी पेटी रिकामी, माझी संध्याकाळ रिकामी, माझा रविवार रिकामा. जिथून पगार येत नाही, मार्क येत नाहीत, ताटात काही पडत नाही, ती माझी प्रत्येक वेळ या घराला आणि सगळ्या नातेवाइकांना रिकामी दिसते, आणि रिकामं दिसलं की हे लोक त्यात काहीतरी आणून ठेवतात. कपडे ठेवतात, पाहुणे ठेवतात, स्वतःची कामं ठेवतात. डोकं फिरलंय आज माझं.

माझ्याकडे एक वही आहे. दर जानेवारीत पहिल्या पानावर मी लिहिते, यंदा काय शिकायचं. २०१८ : पोहणं. बायकांची स्वतंत्र वेळ भर दुपारची. नोकरी करणाऱ्या बाईने दुपारी कसं जायचं, हे विचारलं तर "मग कशाला हवंय पोहणं या वयात" असं घरातूनच ऐकलं. तो संकल्प तिथेच बुडाला. २०२० : मोडी लिपी. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्ग केला, दोन वह्या भरल्या, माहेरचं जुनं खरेदीखत समोर घेऊन बसले. पहिल्यांदा त्यातलं पणजोबांचं नाव मला वाचता आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. धावत सांगायला गेले. "आता कोण वाचतं मोडी?" संपलं. त्या दोन्ही वह्या पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर गेल्या, मला न विचारता.

आणि २०२१ला पेटी. ही मात्र मी सोडलेली नाही आणि सोडणार नाही.

ज्यांना वाटतं पेटी म्हणजे पट्ट्या दाबल्या की झालं, त्यांनी एकदा बसून बघा. भाता मारणारा हात जरा अडखळला की सूर लगेच कापतो. डाव्या हाताने एकसारखी हवा द्यायची आणि उजव्या हाताने पलटे, म्हणजे सुरांचे क्रम उलटसुलट, घ्यायचे, हे दोन्ही एकत्र जमायला मला आठ महिने लागले. अंगठा बोटांखालून कधी घालायचा हे डोक्याने आठवून चालत नाही, ते बोटाला कळावं लागतं, आणि बोटाला कळायला रोज बसावं लागतं. रोज! आठवड्यातून एकदा, सगळ्यांचं सगळं आवरून उरलेल्या वेळात नाही. चार दिवस खंड पडला की बोटं जड होतात. हे मी घरात शंभर वेळा सांगितलंय. एक तास मागतेय, साडेसात ते साडेआठ. त्या एका तासात दाराची बेल वाजली तर मीच उठायचं. कुकरची शिट्टी मीच मोजायची. "अगं ती निळी फाइल कुठे आहे?" मलाच. घरात आणखी तीन माणसं आहेत, तिघांनाही हातपाय आहेत.

पावसाळ्यात तर कहरच. दमट हवेने पट्ट्या फुगतात, अडकतात. मी काळी चारमध्ये वाजवते, म्हणजे चौथी काळी पट्टी माझा सा, त्यामुळे यमन रागाचा तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर येतो, आणि गेल्या जुलैत नेमकी तीच पट्टी दाबली की खाली राहायची. सूर भोंग्यासारखा चालूच. पेटी दुरुस्त करणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी पट्ट्या काढल्या तर खालून एक सेफ्टीपिन आणि चिवड्यातले दोन दाणे निघाले. चिवड्यातले दाणे! म्हणजे पेटीचा पाट करून कुणीतरी बशी ठेवून खाल्लं होतं. "एवढं काय त्यात" म्हणे. लेकाच्या लॅपटॉपवर कुणी चिवडा सांडला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.

या पेटीला मोठमोठ्या माणसांनी नावं ठेवलीत, ते मला माहीत आहे. १९४०मध्ये रेडिओवर तिच्यावर बंदी घातली होती, ती थेट १९७१मध्ये सैल झाली. कारण काय, तर हिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, नीट लागत नाहीत. ठीक आहे. ती तक्रार सुराची होती. ज्यांनी केली त्यांनी ऐकून केली होती. माझ्या घरचे ऐकतसुद्धा नाहीत. त्यांचा एकच सवाल, "पण याचा उपयोग काय?"

मुलगी गाण्याच्या परीक्षा देत होती तेव्हा हा सवाल कुणाला पडला नव्हता. ती रियाझाला बसली की टीव्ही बंद, बोलणं हळू आवाजात. का? तर दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात. ते मिळाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा तानपुरा भिंतीला टेकून उभा आहे. कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण उपयोग झाला. दीर दर रविवारी सकाळी क्रिकेटला जातात, वय ५१. त्यांना कुणी विचारतं का, उपयोग काय म्हणून? उलट "त्याला तेवढाच विरंगुळा" म्हणून परत आल्यावर गरम पोहे तयार. ते पोहे कोण करतं? मी.

गणपतीतली गोष्ट वेगळीच. तेव्हा सगळ्यांना अचानक माझी पेटी आठवते. "वहिनी, वाजवा ना काहीतरी." मी भूप रागातली गत, म्हणजे तालात बांधलेली धून, सुरू केली. तिसऱ्या आवर्तनाला बोलणं नव्या फ्लॅटच्या भावावर गेलं होतं. मी थांबले तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "हे नको गं, एखादं ओळखीचं गाणं वाजव. तीन वर्षं शिकतेयस ना?" मावशी, तीन वर्षांत मला त्या तीन वर्षांतले किती तास मिळाले ते विचारा.

आणि हे सगळं मी गिळलं असतं. यंदाच्या मे महिन्यातलं मात्र गिळणार नाही.

गांधर्व महाविद्यालयाच्या संगीताच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मेच्या सुमाराला आणि नोव्हेंबर-डिसेंबरला. प्रारंभिक ही पहिली परीक्षा झाली, प्रवेशिका प्रथम ही दुसरी झाली, यंदा तिसरी, प्रवेशिका पूर्ण. सहा महिने पहाटे पाचला उठून, आवाज जाऊ नये म्हणून दार-खिडक्या लावून, घामाघूम होत तयारी केली. तारीख कळली त्याच दिवशी फ्रिजवर चिठ्ठी लावली. त्यानंतर, लक्षात घ्या, त्यानंतर, नणंदेने तिच्या मुलीच्या डोहाळजेवणाला नेमका तोच रविवार धरला. मी फोन करून सांगितलं, ताई, माझी परीक्षा आहे. त्या म्हणाल्या, "अगं परीक्षा काय, नोव्हेंबरात परत असतेच की. डोहाळजेवण परत होणार आहे का?" आणि माझा नवरा, ज्याच्यासमोर मी सहा महिने पहाटे उठत होते, तो शेजारी उभा राहून मला खुणेने "जाऊ दे" म्हणत होता.

सकाळी अकराला माझा नंबर होता. अकरा वाजता मी नऊवारी नेसून, हातात ताट घेऊन उभी होते. ताटात झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. भाची कुठली उघडते म्हणून सगळ्या हसत होत्या, आणि माझी बोटं ताटाच्या खालच्या अंगाला तिहाई, तोच तुकडा तीनदा, वाजवत होती. भाचीवर राग नाही. गोड पोर आहे, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. राग त्या मोठ्या माणसांवर आहे ज्यांना माहीत होतं.

परवा नोव्हेंबरचा फॉर्म भरला. पैसे माझ्या पगारातून भरले. तारीख येईल ती येईल, त्या दिवशी बारसं असो, वास्तुशांत असो, कुणाचं लग्न असो, मी नाही. आत्ताच सांगतेय, मग तोंड वाकडं करायचं नाही.

आणि घरातल्या कपड्यांना कपाट आहे. तीन दारांचं आहे.