हरणाऱ्याला गुणांची कारणं कळलीच पाहिजेत

"टेंडर कोर्टात गेलं की काम रखडतं, हरलेल्यांना बोलूच देऊ नका," असं पुण्यातली मित्रमंडळी तावातावाने सांगतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात सरकारी सॉफ्टवेअरची कामं करणाऱ्या कंपनीत नोकरी करताना मला हे पटत नाही.

इथे हरलेल्या कंपनीने निकाल कळल्यापासून तीन दिवसांत लेखी मागणी केली की कारणं सांगितली जातात. आमच्या हाती आलेल्या एका कागदावर 'डेटा स्थलांतराचा आराखडा अपुरा' असा शेरा होता, शेजारी आमच्याच प्रस्तावाचा पान क्रमांक. शेरा रास्त होता. तक्रारीचा विषय तिथेच संपला.

न पटल्यास जीएओ, म्हणजे अमेरिकी संसदेचं लेखापरीक्षण कार्यालय, आहे. वेळेत तक्रार गेली तर १९८४ च्या कायद्यानुसार काम सहसा थांबतं, पण निकाल १०० दिवसांत लागतो. जीएओ स्वतः गुण देत नाही. जाहीर निकषांनीच मोजमाप झालं का, ते तपासतं. इथेही घोळ होतात. पेंटागॉनचं १० अब्ज डॉलरचं 'जेडी' क्लाउड कंत्राट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टला मिळालं आणि २०२१ मध्ये रद्द झालं. पण निविदेच्या अटींविरुद्धची ऑरॅकल या दुसऱ्या कंपनीची तक्रार जीएओने २०१८ मध्येच मुदतीत निकाली काढली होती. पुढची वर्षं गेली ती न्यायालयात.

आपल्याकडे बहुतेकदा थेट उच्च न्यायालयच गाठावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालय निर्णयाची प्रक्रिया पाहतं, गुणांकनात शिरत नाही. ते योग्यच, पण मग गुणांची शहानिशा करणार कोण? नुसतं एल-वन, म्हणजे सर्वात कमी दर देणाऱ्याला काम, असं असेल तर आकडे कुणीही ताडून पाहील. २०२१ मध्ये केंद्राने सल्लासेवांपलीकडच्या कामांतही गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार द्यायची मुभा दिली, तेव्हा हा प्रश्न आणखी टोकदार झाला. माझ्या धाकट्या भावाच्या कंपनीला एका निविदेत सादरीकरणाचे ३० पैकी ११ गुण मिळाले. का, ते कुणी सांगेना. माहिती अधिकारात अर्ज टाकला, तर उत्तर यायच्या आत दुसऱ्याचा कार्यादेश निघालासुद्धा. अशा माणसाने वकील गाठला तर त्याला कामात खोडा घालणारा म्हणायचं?

केंद्राचं २०१२ चं सार्वजनिक खरेदी विधेयक संमत न होताच बारगळलं. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये कायदा करून अपिलाची सोय केली. महाराष्ट्र मात्र अजून शासन निर्णयांवरच भागवतो आहे. कार्यादेशाआधी प्रत्येक निविदाकाराला गुण आणि त्यांची कारणं लेखी द्या, आणि तक्रारीच्या निकालाला मुदत घाला, एवढं तरी मुंबईत बसलेल्या सरकारने आता करावं.