मांडीतली ‘नस’ आणि दात्याची पट्टी

कबड्डीच्या आणि तालमीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘एसीएल तुटली तर मांडीची नस काढू देऊ नका, पाय कायमचा अधू होतो. मृत दात्याची पट्टी बसवा, ती जास्त मजबूत. तीन महिन्यांत मैदानात.’ एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं एक लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध. ते तुटलं की ऑपरेशन करून त्या जागी दुसरी पट्टी बसवतात, स्वतःच्या शरीरातली किंवा मृत दात्याची. मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. हा मेसेज वाचून ऑपरेशनला नाही म्हणणारी पोरं माझ्याकडे येतात, म्हणून लिहितेय.

आधी ‘नस’. काढतात ती नस नव्हे, कंडरा म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. मांडीमागच्या दोन कंडरा घेतात, दुमडून चार पदरी करतात. यंत्रमागावर काम करणाऱ्याला पदर वाढवल्यावर काय होतं ते सांगायला नको. जाडी ८ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर मात्र पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून मोजमापाला महत्त्व आहे. पाय अधू होत नाही. गुडघा पूर्ण दुमडताना ताकद थोडी कमी भरते, हे खरं. ती व्यायामाने बरीच भरून निघते.

आता दात्याची पट्टी, कारण खरं नुकसान इथेच होतं. एसीएल ऑपरेशनांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘मून’ गटाच्या २०१५ च्या अभ्यासात, वाटीखालच्या स्वतःच्या कंडरेच्या तुलनेत दात्याची पट्टी तुटण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. वय जितकं कमी, तितका धोका जास्त. निर्जंतुकीकरणासाठी जास्त किरणोत्सर्ग दिला तर ती कमजोर होते, आणि शरीर तिला सावकाश सामावून घेतं. एकाच वेळी अनेक लिगामेंट तुटलेले, दुसऱ्यांदा ऑपरेशनला आलेले, उतारवयात बेताने वावरणारे, अशांना ती उपयोगी पडते. अठरा वर्षांच्या चढाईपटूला माझ्या मते नको.

वाटीखालची कंडरा दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा घेऊन निघते, हाडाला हाड लवकर जुळतं. पण गुडघे टेकताना दुखू शकतं. कुस्तीगीर असाल, किंवा रोज नमाजाला बसत असाल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. वाटीवरची क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीपुढच्या स्नायूची कंडरा हाही पर्याय असतो.

तीन महिने? बसवलेल्या पट्टीतल्या जुन्या पेशी आधी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात. नेमक्या त्या काळात पट्टी दुबळी असते आणि गुडघा दुखत नाही, म्हणून पोरं पळायला लागतात. निदान नऊ महिने थांबा. मैदानात उतरण्याआधी दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्या, एका पायावरच्या उड्यांची चाचणी द्या.