ऑस्टरलिट्झची लढाई ऑस्टरलिट्झ गावात झाली नव्हती

चेक प्रजासत्ताकातील स्लाव्हकोव्ह या बाजारपेठेच्या छोट्या गावाविषयी समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या माहितीचा आशय साधारण असा असतो : हेच जुने ऑस्टरलिट्झ, २ डिसेंबर १८०५ रोजी येथे तीन सम्राट समोरासमोर आले, नेपोलियनने याच गावात रशिया व ऑस्ट्रिया यांचा पराभव केला, पळणारे वीस हजार रशियन गोठलेल्या तळ्यांत बुडाले, गावच्या राजवाड्यात तहावर सह्या झाल्या, आणि या लढाईखेरीज गावाला सांगण्याजोगा इतिहास नाही. यांपैकी गावाचे जुने नाव आणि तारीख अचूक आहे.

लढाई गावात झाली नाही. ती स्लाव्हकोव्ह आणि त्याच्या पश्चिमेचे ब्रनो शहर यांच्या दरम्यानच्या टेकड्यांवर व ओढ्याकाठच्या खेड्यांत झाली, आणि तिचा निकाल ज्या प्रात्से गावाजवळच्या पठारावर लागला ते स्लाव्हकोव्हपासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे. नेपोलियनने सकाळचे हुकूम दिले ते झुरान टेकडीवरून. दोस्तांच्या, म्हणजे रशिया व ऑस्ट्रिया यांच्या, सेनापतींची आदल्या रात्रीची बैठक भरली होती क्रेनोव्हित्से या खेड्यात. नेपोलियन स्लाव्हकोव्हच्या राजवाड्यात उतरला तो लढाई जिंकल्यानंतर. विजयाची वार्ता तेथून जगभर गेली आणि गावाचे तेव्हाचे ऑस्टरलिट्झ हेच नाव लढाईला चिकटले. त्यामुळे केवळ स्लाव्हकोव्हचा चौक पाहून परतणाऱ्याने रणभूमी पाहिलेलीच नसते. तिच्यासाठी प्रात्सेच्या टेकडीवर जावे लागते. तेथे अलोइस स्लोवाक या धर्मगुरूच्या पुढाकाराने आणि योसेफ फांता या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १९१० ते १९१२ या काळात उभारलेले शांतिस्मारक आहे. त्याला नेपोलियनचे विजयस्मारक म्हणणे ही तर निव्वळ थट्टा ठरेल, कारण ते सर्व बाजूंच्या मृतांसाठी आहे, आणि त्याच्या चार कोपऱ्यांवरील ढालधारी स्त्रीमूर्ती फ्रान्स, ऑस्ट्रिया व रशिया यांच्याबरोबरच ज्या प्रांताची शेते या युद्धात तुडवली गेली त्या मोराव्हियाचेही प्रतिनिधित्व करतात.

‘तीन सम्राटांची लढाई’ हे नाव खरे आहे, पण तिघांची भेट कधीच झाली नाही. लढाईनंतर दोन दिवसांनी, ४ डिसेंबरला, ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ हा नेपोलियनला एका जळक्या पाणचक्कीजवळ उघड्यावर भेटला. रशियाचा झार अलेक्झांडर त्या भेटीला नव्हता, तो आपल्या सैन्यासह माघारी निघाला होता.

तळ्यांची कथा सर्वांत लोकप्रिय आहे आणि तिचा उगम शोधण्यास फार लांब जावे लागत नाही : वीस हजारांचा आकडा खुद्द नेपोलियनच्या युद्धवार्तापत्रातला आहे. दक्षिणेकडील झात्चानी व म्येनीन येथील उथळ तळ्यांवरून रशियन तुकड्या माघार घेत होत्या, फ्रेंच तोफांनी बर्फ फोडला, आणि माणसे, घोडी व तोफा पाण्यात गेल्या, इतके खरे आहे. परंतु पुढे तळी उपसली गेली तेव्हा चिखलातून तोफा आणि घोड्यांची कलेवरे पुष्कळ निघाली, माणसांची प्रेते मात्र अगदी मोजकी. साधा हिशेबही या आकड्याच्या विरोधात जातो. दोस्तांचे त्या दिवशीचे ठार व जखमी मिळून साधारण पंधरा-सोळा हजार भरतात. मग केवळ बुडालेलेच वीस हजार कोठून आणायचे? विजेत्याने स्वतःच्या विजयाविषयी दिलेला आकडा दोनशे वर्षांनंतरही न तपासता पुढे पाठवला जावा, हे मला लढाईइतकेच नवलाचे वाटते.

राजवाड्यात ६ डिसेंबरला सही झाली ती युद्धविरामावर. प्रत्यक्ष तह २६ डिसेंबरला प्रेसबर्ग येथे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात झाला.

आता शेवटचा आणि सर्वांत अन्यायकारक दावा : लढाईखेरीज गावाला इतिहास नाही. गावाचा उल्लेख १२३७ च्या सनदेत सापडतो, तेव्हा ते ट्युटॉनिक या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या सरदारपंथाच्या ताब्यात होते. १५२८ मध्ये मोराव्हियातीलच निकोल्सबर्ग हे गाव सोडून निघालेल्या, प्रौढपणीच बाप्तिस्मा घेणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंथीयांनी वाटेत एक झगा अंथरून आपापली चीजवस्तू त्यावर ठेवली, सर्व मालमत्ता सामाईक केली, आणि त्यांना आश्रय मिळाला तो याच गावात, येथील कौनिट्झ जहागीरदारांकडे. आज कॅनडात व अमेरिकेत सामाईक मालमत्तेवर जगणाऱ्या हटराइट वसाहतींची परंपरा तेथवर पोहोचते. माझ्या मते गावाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि फिरत्या मजकुरात तिला एक ओळही मिळत नाही.

राजवाडाही नेपोलियनमुळे मोठा झालेला नाही. दोमिनिक आंद्रेयास कौनिट्झ याने सतराव्या शतकाच्या अखेरीस इटालियन वास्तुविशारद मार्टिनेल्ली याच्याकडून त्याची बरोक शैलीतील पुनर्बांधणी सुरू करविली. त्याचा नातू व्हेन्झेल अंतोन हा ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिचा चान्सलर, म्हणजे प्रमुख मंत्री; गावातील स्तंभयुक्त दर्शनी भागाचे अभिजात शैलीतील चर्च त्याच्याच काळातले, १७८६ ते १७८९ दरम्यान बांधलेले, आणि व्हिएन्नातील शोनब्रुन राजवाड्याच्या टेकडीवरील ग्लोरिएट ही वास्तू उभारणाऱ्या होहेनबर्गच्या आराखड्याचे. याच चान्सलरने १७५६ मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर बाजूला सारून ऑस्ट्रियाची फ्रान्सशी मैत्री जुळवली होती. त्याच्या मृत्यूला अकरा वर्षे होतात न होतात तोच फ्रेंचांपुढे नमते घेणाऱ्या युद्धविरामावर ऑस्ट्रियाने सही केली ती त्याच्याच घराण्याच्या राजवाड्यात.